निळ्या दातांचं पातं

गडेगावच्या वन आगारातून लिलावात घेतलेलं सागवान साकोलीच्या एका आरामशीनवर चिरलं जाई. त्या मशीनच्या पात्यांना वर्षानुवर्षं एकाच मिस्त्रीची धार. मग जवळच दुसरं दुकान निघालं. पोरगा तरुण, हात जलद, दर निम्मा. पाती तिकडे गेली. मिस्त्री काही बोलला नाही.

पावसाळ्याआधी मालक स्वतःच पातं घेऊन आला, सोबत चार माणसं. आरा लाकडात भरकटत होता, फळीवर लाटा उठत होत्या.

"बघा जी मिस्त्री, काय करून ठेवलं त्यानं! चौघांसमोर एकदा सांगून टाका, काम बोगस आहे म्हणून. त्याचं दुकान बंदच करतो."

मिस्त्रीने पातं उजेडात धरलं. दातांची टोकं निळसर पडली होती. पोलादावर अशी निळाई चढते ती ३०० अंशांच्या आसपास. म्हणजे सानेवर दात जळाले, पाणी उतरलं. दोन दातांमधली खाच गोल हवी, तिथे टोकदार कोपरा राहिला होता. त्याने खाचांवर रॉकेल फिरवलं, फडक्याने कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी चोळली. थोड्या वेळाने पांढऱ्यावर केसासारख्या काळ्या रेघा उमटल्या. भेगेत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

"मालक, याला धार लागणार नाही. हे भंगारात टाका."

"पण चूक कोणाची, ते सांगा ना!"

"पातं कसं आहे ते सांगितलं. चाकावर ते सेकंदाला ३०-४० मीटर पळतं, प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाकतं. उद्या तुटलं तर समोर तुमचा गडी उभा आहे." तपासण्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. फक्त भेगांचा हातभर तुकडा कापून मागून घेतला.

दुसऱ्याचं बिघडलेलं काम हाती आलं की माणसाला आधी आपला फायदा दिसतो. चौघांत बोलावं की गप्प राहून पोराला बुडू द्यावं, एवढाच हिशेब होतो. मशीनसमोर उभा असलेला गडी त्यात कुठेच नसतो. मिस्त्रीला तोच आधी दिसला, म्हणून मला हा माणूस मोठा वाटतो.

दुकानात गर्दी नसताना मिस्त्री तो तुकडा घेऊन पोराकडे गेला. पोरगा आधी तडकला, "काका, तुमचं गिऱ्हाईक गेलं म्हणून आलात?" मिस्त्रीने तुकडा त्याच्या हाती ठेवला आणि पुन्हा रॉकेल मागितलं. रेघा उमटल्या तसा पोरगा खाली बसला. त्याची सान गुळगुळीत झाली होती. ती कापत नव्हती, नुसती घासून तापवत होती. लवकर उरकायचं म्हणून तो एकाच दाबात सगळं काढत होता. मिस्त्रीने हिऱ्याच्या टोकाने सानेचं तोंड उघडून दाखवलं, हलक्या हाताने चार फेरे कसे घ्यायचे, खाच कशी गोल ठेवायची, दातांचा सेट दोन्ही बाजूंना सारखा कसा मोजायचा, तेही.

"एवढ्या वेळात निम्मा दर परवडणार नाही, काका."

"नाहीच परवडणार, बाबू. वाढव."

पोराने दर वाढवला. काही गिऱ्हाइकं कुरकुरली, काही मिस्त्रीकडे परतली, काही त्याच्याकडेच राहिली.

हिवाळ्यात लाखनीकडचा एक मालक चिडून मिस्त्रीकडे आला. पोराने त्याच्या पात्याला धार लावायला साफ नकार दिला होता. मिस्त्रीने पातं उलगडलं. खाचांपाशी खडूचा पांढरा पट्टा अजून तसाच होता आणि त्यात तीन काळ्या रेघा.

"त्यानं बरोबर सांगितलं जी," मिस्त्री म्हणाला. "मीही लावणार नाही."

मालकाने नागपूरहून नवं पातं मागवलं आणि त्याची पहिली धार त्या पोराकडेच लावून घेतली.