मिलिगनचा आजार आणि आपलं हसू

विनोदी माणूस आतून दुःखी असतो, हे वाक्य आपल्याला फार आवडतं. त्याचं दुःख कारणी लागल्यासारखं वाटतं आणि आपल्या हसण्यालाही थोडं वजन येतं. ब्रिटिश रेडिओवर गाजलेला विनोदी लेखक-नट स्पाइक मिलिगन याचं नाव निघालं की हे वाक्य हमखास येतं. मला ते पटत नाही.

मिलिगनचा जन्म 1918 सालचा, अहमदनगरचा. (आज पत्त्यावर अहिल्यानगर लिहावं लागेल, ही गंमत त्याला नक्की आवडली असती.) बाप आयरिश, ब्रिटिश फौजेत आणि हौशी नट. बालपण पुण्याच्या लष्करात आणि रंगूनमध्ये गेलं. परक्याच्या देशात रोज सकाळी गंभीर चेहऱ्याने चाललेली परेड, सलाम, बिगुल हे सगळं त्या पोराने जवळून पाहिलं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब लंडनला परतलं, तेव्हा ‘मायदेश’ म्हणजे दक्षिण लंडनमधली तंगी निघाली. पुढे महायुद्धात तो तोफखान्यात शिरला. 1943 मध्ये हा नगरचा गोलंदाज जगाच्या स्वातंत्र्यासाठी उत्तर आफ्रिकेत लढत होता आणि त्याच वेळी नगरच्या किल्ल्यात नेहरू कैदेत होते. हा प्रसंग त्याने लिहिला असता, तर अतिशयोक्ती म्हणून आपण सोडून दिला असता.

‘द गून शो’ची मुळं मला इथे दिसतात. बीबीसी रेडिओवर 1951 ते 1960 चाललेल्या या मालिकेत पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम सोबत होते, पण लेखणी मुख्यतः मिलिगनची. नेपोलियनच्या पियानोवर बसून माणसं इंग्लिश खाडी ओलांडायला निघतात. आणि निघतात ती अगदी शिस्तीत, हुकूम झाल्यासारखी. वेडेपणा साहेबी थाटात केला की तो कारभार ठरतो, हे छावणीतल्या मुलाला ठाऊक होतं. अर्थात छावणीच्या मर्यादाही त्याच्यात उतरल्या. गून शोमधले लालकाका आणि बॅनर्जी यांचे उच्चार त्याने अचूक टिपले होते, पण त्यांचं मन त्याला फारसं ऐकू आलं नाही. 1969 मध्ये ‘करी अँड चिप्स’साठी तो चेहऱ्याला काळा रंग फासून पाकिस्तानी बनला. त्या मालिकेची सबब सांगण्यात अर्थ नाही.

आता त्याच्या मनाच्या आजाराबद्दल. 1944 च्या जानेवारीत इटलीत कसिनोच्या आघाडीवर उखळी तोफेच्या गोळ्याने तो जखमी झाला. हात कापू लागले, रडू आवरेना. फौजेने काय केलं, तर त्याचा हुद्दा उतरवला. 1952 च्या अखेरीस, गून शोसाठी दर आठवड्याला नवी संहिता (एकेका हंगामात पंचवीसच्या आसपास भाग असायचे) देता देता, तो सुरी घेऊन सेलर्सच्या घरी निघाला आणि शेवटी इस्पितळात पोचला. असे झटके त्याला आयुष्यभर येत राहिले आणि त्या काळात तो अंधाऱ्या खोलीत पडून असे. तिथे विनोद सुचत नव्हते. ज्या दिवशी बरं वाटेल, त्या दिवशी तो टंकलेखन यंत्रासमोर बसे. मग श्रेय आजाराला कशासाठी?

कागदपत्रांनीही त्याला छळलं. 1960 च्या सुमाराला ब्रिटिश पारपत्रासाठी निष्ठेची शपथ मागितली गेली. राणीच्या बापासाठी रक्त सांडलेल्या माणसाने ती नाकारली आणि स्वतःच्या आयरिश बापाच्या आधारावर आयरिश नागरिकत्व घेतलं. म्हणून 2001 मध्ये नाइटहूड मिळाली ती मानद. ‘सर’ लावायची सोय नाही.

2002 मध्ये तो गेला. मी आजारी आहे, हे तुम्हाला सांगितलं होतं, अशा अर्थाचं वाक्य त्याला थडग्यावर हवं होतं. चर्चच्या अधिकाऱ्यांना ते इंग्रजीत चालेना, आयरिशमध्ये चाललं. विंचेल्सीच्या दफनभूमीत ते आज आहे. इतकी वर्षं तो खरंच सांगत होता. आपण तेही विनोदात धरलं.