देवराई, भय आणि दया

सह्याद्रीच्या कुशीतील अनेक गावांत देवतेच्या नावाने राखलेले रान असते. त्यास देवराई म्हणतात. तेथील फांदी तोडू नये, कित्येक ठिकाणी तर वाळलेले लाकूडही घरी नेऊ नये, असा दंडक असतो. आणि तो मोडल्यास देवतेचा कोप होतो, अशी ग्रामस्थांची श्रद्धा असते. ज्याने देवताभक्ती सोडून एका परमेश्वराचीच अनन्यभावाने कास धरली, त्याच्यापुढे येथे प्रश्न उभा राहतो. कोपाचे भय उरले नाही, तर त्या रानाविषयी त्याचे कर्तव्य कोणते?

वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून १९७६ साली पश्चिम घाटातील देवरायांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याच दशकाच्या प्रारंभी श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची देवराई तोडीसाठी नेमली गेली, तेव्हा ग्रामस्थांनी ह्या अभ्यासकांकडे धाव घेतली. त्यांचे सांगणे पाण्याविषयी होते : रान गेले तर ओढा आटेल.

येथे दोन प्रकारची ज्ञाने एकमेकांस भेटली. ग्रामस्थाने पिढ्यान्‌पिढ्या ओढा पाहिला होता. शास्त्रज्ञ त्याचे कारण सांगू शकत होता : पालापाचोळ्याने माती भुसभुशीत राहते, पावसाचे पाणी तीत मुरते आणि उन्हाळ्यात झिरपत राहते. तेथील एखादी वेल इतरत्र किती दुर्मिळ झाली आहे, हे शास्त्रज्ञाला ठाऊक. ती कोणत्या व्याधीवर चालते, हे गावातील जाणत्याला ठाऊक. एकाचे ज्ञान दुसऱ्याने खोटे ठरविले नाही, पुरे केले.

येथे कोणी शंका घेईल की, कारण कळल्यावर कोपाची समजूत टाकून दिली तर काय बिघडले? त्याचे समाधान असे. भय टाकणे वेगळे आणि भयाच्या आधाराने टिकलेला संयम टाकणे वेगळे. भय सरताच कित्येक रानांत कुऱ्हाड शिरली. उलट कित्येक गावी भक्ती वाढली, लहानशा देवळाच्या जागी मोठे मंदिर उठले आणि त्यासाठी भोवतीची झाडेच गेली. म्हणून भय आणि भक्ती, दोन्ही असूनही रान राखले जाईलच असे नाही.

दुसरी शंका अशी की, मग उपयोग सांगावा, तेवढ्याने लोक राखतील. परंतु ओढ्यासाठी राखलेले रान गावात नळ आला की निरुपयोगी ठरते. उपयोग मोजणारा अखेर मोल मोजतो आणि ज्याचे मोल अधिक, त्याच्या बाजूने कौल देतो.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर ह्या चार पदार्थांचा विवेक शास्त्राने सांगितला. त्यानुसार रान हे पूज्य नव्हे. परंतु पूज्य नाही म्हणून ते लुटण्यास मोकळे झाले, असे कोठेही सांगितलेले नाही. लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांस परिचित आहे. पारध्यांच्या भयाने धावत आलेल्या सशास सर्वज्ञांनी आपल्या गुडघ्याखाली आश्रय दिला. तो कोणत्या देवतेचा, त्याचा उपयोग काय, हे विचारले नाही. तो शरण आला, एवढेच कारण पुरेसे झाले. देवराईत असे कितीतरी जीव आश्रयास आहेत. झाड तोडणारा लाकूड नेतो आणि त्यांचा आसराही नेतो.

मात्र ह्या दयेलाही ज्ञानाची गरज आहे. पोकळ झालेल्या, पडलेल्या खोडात किती जीवांचे घर असते, हे ज्याला ठाऊक नाही, तो सेवाबुद्धीने रान झाडून काढील आणि नकळत हिंसा करील. म्हणून साधकाने जाणत्या ग्रामस्थास विचारावे, शास्त्रज्ञासही विचारावे. देवतेविषयी त्याचे ग्रामस्थाशी मत मिळणार नाही. पण ओढ्याविषयी त्याच्याकडून शिकण्यास मतैक्याची आवश्यकता नाही.

देवतेचे भय सोडल्याने कर्तव्य हलके होत नाही, उलट अधिक जड होते. भयाने आवरलेला हात भय सरताच सुटतो, लाभाने आवरलेला हात मोठा लाभ दिसताच सुटतो. दयेने आवरलेला हात मात्र कोणी पाहत नसतानाही आवरलेलाच राहिला पाहिजे. आणि देवराईत, जेथे पाहणारे कोणीच नसते, तेथेच त्याची परीक्षा होते.