हजार वर्षांच्या राज्याचा अर्थ

प्रकटीकरण हे नव्या करारातील शेवटचे पुस्तक बहुसंख्य अभ्यासकांच्या मते पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीत लिहिले गेले. त्याच्या विसाव्या अध्यायात सैतान हजार वर्षे बांधला जाईल आणि विश्वासासाठी प्राण दिलेले लोक तेवढा काळ ख्रिस्ताबरोबर राज्य करतील, असे दर्शन येते. या मुदतीचा उल्लेख बायबलमध्ये अन्यत्र कोठे नाही. तरीही जगाच्या अंताविषयीचे ख्रिस्ती मतभेद मोठ्या प्रमाणावर याच मोजक्या वचनांभोवती वाढले.

दुसऱ्या शतकातील जस्टिन आणि लियाँचा बिशप इरेनियस यांनी ही वचने अक्षरशः घेतली. ख्रिस्त आधी परत येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षे त्याचे राज्य चालेल, या मताला पुढे पूर्वसहस्राब्दवाद असे नाव मिळाले. छळ सोसणाऱ्या मंडळीला ज्या पृथ्वीवर अन्याय झाला तिथेच न्याय मिळेल, हा दिलासा त्यात होता. मात्र शुद्ध श्रद्धेच्या अनेक ख्रिस्ती लोकांना हे मत मान्य नाही, अशी कबुली जस्टिननेच दिली आहे. आरंभीच्या मंडळीत या प्रश्नावर एकमत होते, ही समजूत म्हणूनच टिकत नाही.

चौथ्या शतकात साम्राज्यच ख्रिस्ती झाल्यावर त्या दिलाशाची निकड ओसरली. ऑगस्टिन एके काळी पूर्वसहस्राब्दवादी मताकडे झुकला होता आणि तसे त्याने लिहूनही ठेवले. परंतु त्या राज्यातील मेजवान्यांची जी भडक वर्णने प्रचलित होती ती त्याला अध्यात्माशी विसंगत वाटू लागली, आणि टिकोनियस या आफ्रिकी भाष्यकाराच्या वाचनाचाही त्याच्यावर प्रभाव पडला. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात त्याने असे मांडले की सैतान ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनानेच बांधला गेला आहे, हजार हा आकडा पूर्णत्वाचे प्रतीक आहे आणि ते राज्य म्हणजे मंडळीचा चालू काळच होय. पृथ्वीवरील वेगळे राज्य न मानणाऱ्या या मताला असहस्राब्दवाद म्हणतात. 410 मध्ये रोम लुटले गेले तेव्हा जगबुडी जवळ आली असे अनेकांना वाटले. अशा काळात अंताची तारीख काढण्याचा मोह त्याने नाकारला, आणि या लेखाच्या दृष्टीने त्याचे मोठेपण त्याच्या प्रतीकार्थापेक्षा या संयमात अधिक आहे. पश्चिमेकडील मंडळीत हेच वाचन मध्ययुगभर प्रमाण राहिले. ल्युथरपंथीयांच्या 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबानेही अंतिम न्यायाआधीच्या ऐहिक राज्याची कल्पना फेटाळली.

अठराव्या शतकात वारे फिरले. इंग्लंडमधील डॅनियल व्हिटबी याने 1703 मध्ये असे प्रतिपादन केले की शुभवर्तमानाच्या प्रसाराने आधी सुवर्णयुग येईल आणि ख्रिस्ताचे आगमन त्यानंतर होईल. या उत्तरसहस्राब्दवादाला अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्स आणि सॅम्युएल हॉपकिन्स यांनी बळ दिले, आणि जगाचे परिवर्तन आपल्या श्रमांनी जवळ येते या विश्वासातून मिशन उभी राहिली. 1813 मध्ये मुंबईत आलेला गॉर्डन हॉल आणि पुढच्या वर्षी त्याला येऊन मिळालेला सॅम्युएल न्यूएल या अमेरिकन मिशनऱ्यांनी 1818 मध्ये साठ कोटी लोकांच्या धर्मांतराची हाक देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, तीही याच आशावादी वातावरणातली.

पुढे जॉन नेल्सन डार्बी याने इतिहासाचे देवाने आखलेल्या कालखंडांत विभाजन केले आणि सच्च्या विश्वासणाऱ्यांना महासंकटापूर्वी, म्हणजे ख्रिस्तविरोधकाच्या अंमलापूर्वीच, आकाशात उचलून घेतले जाईल असे शिकवले. त्यासाठी त्याने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील चौथ्या अध्यायाचा आधार घेतला. 1909 च्या स्कोफिल्ड बायबलने मूळ वचनांखालीच अशा टिपा छापल्याने अनेक वाचकांना टीप आणि वचन यांत फरक उरला नाही. त्यानंतरच्या महायुद्धाने जग आपोआप सुधारत जाते या आशेचा पायाच खचवला, आणि डार्बीच्या मताला मोकळे रान मिळाले.

हे मत म्हणजे आद्य मंडळीच्या श्रद्धेकडे परतणे होय, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. तो दावा अर्धाच खरा आहे. पृथ्वीवरील हजार वर्षे जुनीच आहेत, पण संकटाआधीची सुटका जस्टिनच्या लिखाणात नाही. धर्मत्यागाचा पुरुष, म्हणजे ख्रिस्तविरोधक, ख्रिस्ती लोकांवरच अत्याचार करील, असे जस्टिनने लिहून ठेवले आहे.