खाटेजवळचं वाचन

गरोदर बाईला झटके येत असतील तर मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं, हे प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत दहा हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. प्री-एक्लाम्प्सिया असलेल्या बायकांमध्ये झटक्यांचा धोका या औषधाने निम्म्याहून कमी झाला. एवढा भक्कम पुरावा असूनही रात्री आमचं अडतं ते सिरिंजपाशी.

मार्गदर्शक सूचनांत असतं : 4 ग्रॅम, 20 टक्के द्रावण, शिरेतून सावकाश. ट्रेमध्ये असते 2 मिलिलिटरची, 50 टक्क्यांची अँप्यूल. एकीत 1 ग्रॅम. म्हणजे चार अँप्यूलचं 8 मिलिलिटर औषध, त्यात 12 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर. शिवाय दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, तेही पातळ न करता. दुपारी टेबलाशी बसून हा हिशेब कुणीही करील. पण बाईचा जबडा आवळलेला असतो, सिस्टर तिला कुशीवर धरून असते आणि विचारते, ‘सर, किती फोडू?’ तिला आकडा हवा असतो अँप्यूलचा. मोबाईलवरची फाईल टक्क्यांत बोलते, आणि त्याआधी संदेश, प्रस्तावना, समितीची नावं अशी पानं सरकवावी लागतात. आडवा तक्ता दोन बोटांनी मोठा केला की मथळा पडद्याबाहेर जातो.

समितीने वर्ष घालवून पुरावे तपासलेले असतात. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण समिती ज्या क्रमाने विचार करते, तो खाटेजवळचा क्रम नव्हे. इथे आधी डोस, मग तो कसा बनवायचा, मग पुढचा डोस कधी थांबवायचा. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, मिनिटाला किमान 16 श्वास, तासाला किमान 30 मिलिलिटर लघवी हे पुढच्या डोसच्या ओळीतच हवं, वेगळ्या प्रकरणात नको. श्वास मंदावला तर 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिलिलिटर, सावकाश, तेही तिथेच. पुरावा ज्याला पाहायचा त्याला एका बोटावर मिळावा.

सर्पदंशाच्या सूचना या बाबतीत शहाण्या आहेत. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिलिलिटर रक्त, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग गोठलं का ते पाहायचं. विषबाधेची लक्षणं दिसली की प्रतिविषाचा पहिला डोस 10 व्हायल, लहान मुलालाही तेवढाच. व्हायल मोजता येतात, म्हणून हे लक्षात राहतं.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फायलींवर पुष्कळदा तारीखच नसते. नवी आवृत्ती आली तरी जुनी मोबाईलमध्ये तशीच राहते आणि रेंज नसलेल्या रात्री तीच उघडते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख हवी, आणि इंटरनेटशिवाय उघडणारी प्रत हवी.

प्रसिद्ध करण्याआधी समितीने एका ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरच्या हातात तो मोबाईल आणि तो ट्रे द्यावा, शेजारी उभं राहावं आणि पहिली सिरिंज भरून होईपर्यंत काहीही सांगू नये. तिचं बोट जिथे थांबेल, ते पान पुन्हा लिहावं.