राखून ठेवलेले बळ

एखादे सामर्थ्य आपल्या हाती आहे. ते वापरण्यास कायद्याची आडकाठी नाही, अडवणारे कोणी समोर उभे नाही. तरीही ते वापरायचे नाही, असे माणसाने का ठरवावे? आणि वापरायचेच नसेल, तर ते बाळगावे तरी कशासाठी? हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात भेटला असता तर कदाचित मी पान उलटून पुढे गेलो असतो. परंतु तो मला भेटला म्युनिक शहरातील एका शांत गल्लीत, चार चाकांवर उभा असलेला.

२०१८ च्या सप्टेंबरात मी माझ्या भाच्याकडे तीन आठवडे राहिलो. नोकरीनिमित्त तो तेथे गेला आणि तेथेच स्थिरावला. त्याच्या दारातली मोटार दिसायला साधीच होती. गडद निळा रंग, चार दारे, मागच्या आसनावर मुलीची बाळखुर्ची आणि तिच्या बिस्किटांचा चुरा. त्याच घडणीच्या जुन्या गाड्या शेजारच्या गल्लीतही उभ्या होत्या. नीट पाहिले तर एवढाच फरक दिसे, की हिच्या पाठीमागे सायलेन्सरची चार तोंडे होती आणि चाके थोडी रुंद होती. "गाडी अठरा वर्षांची झाली म्हणतोस, आता नवी का घेत नाहीस?" असे मी भोळेपणाने विचारले, तेव्हा तो नुसता हसला.

ती बीएमडब्ल्यू कंपनीची एम-५ होती. या पिढीच्या सुमारे वीस हजार गाड्या १९९८ ते २००३ या काळात बव्हेरियातील डिंगोल्फिंगच्या कारखान्यात तयार झाल्या. त्या साध्यासुध्या आवरणाखाली आठ सिलिंडरांचे, जवळजवळ पाच लिटरचे इंजिन आहे आणि त्याची शक्ती चारशे अश्वांची आहे. आपल्या रस्त्यांवर एके काळी घरोघरी दिसणाऱ्या मारुती ८०० सारख्या दहा गाड्यांचे बळ या एकीत साठवलेले आहे, असे म्हटले तरी चालेल. जागेवरून निघून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला तिला पाच सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो. वेग अडीचशेला पोहोचला की गाडीतलीच यंत्रणा तिला तेथे अडवते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील मोठ्या मोटार कारखान्यांनी आपसांतील समजुतीने ही वेस स्वतःला घालून घेतली.

आणि या गाडीचा रोजचा दिनक्रम काय? सकाळी मुलीला बालवाडीत सोडणे, तेथून कचेरी, संध्याकाळी भाजी आणि दूध. बालवाडीपर्यंतच्या रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरची मर्यादा आहे. चारशे अश्व तेथे एखाद्या वृद्ध आजोबांसारखे पावले टाकीत चालतात.

पहिल्याच सकाळी एका गोष्टीने माझे लक्ष वेधले. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीवर वरच्या आकड्यांपाशी नारिंगी दिव्यांची एक रांग पेटलेली होती. भाचा म्हणाला, "मामा, तेल अजून थंड आहे. ते तापत जाईल तसतसा एकेक दिवा विझेल. तोवर हिला ताणायचं नाही." बालवाडी येईपर्यंत दोनच दिवे विझले होते. यंत्र आपल्या धन्याला थांबायला शिकवते, हे मी प्रथमच पाहत होतो.

तरीही माझ्या मनातला शिक्षक गप्प बसेना. एका संध्याकाळी मी त्याला छेडले. शंभर किलोमीटरला तेरा-चौदा लिटर पेट्रोल, तेही उंची प्रतीचे. म्हणजे तेवढ्याच अंतरात सुमारे तीस किलोहून अधिक कर्बवायू हवेत. टायर महाग, दुरुस्ती महाग. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकातून पृथ्वीची हाक जगाला ऐकवली होती, तीही मी त्याला ऐकवली. हा पैसा गरिबांच्या कामी आला असता, असेही म्हणणार होतो. पण ते वाक्य ओठांवर आले असता बेथानीच्या त्या घरात हाच प्रश्न कोणी विचारला होता याची आठवण झाली आणि मी थबकलो. शिवाय वसईतील माझ्याच घराच्या दर्शनी भागाला लावलेला संगमरवर डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या संगमरवरावाचून छप्पर गळले नसते.

भाच्याने माझे ऐकून घेतले. तो म्हणाला, "मामा, पेट्रोलबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मिरवण्यासाठी घेतली म्हणाल तर ते खरं नाही. मिरवायचं असतं तर लाल रंगाची, दोन दारांची घेतली असती. ही कोणाच्या लक्षातही येत नाही. माणसांनी इतक्या निगुतीनं केलेली वस्तू रोज हाताळायला मिळते, त्याचा मला आनंद आहे."

हे उत्तर मला सहजासहजी बाजूला सारता आले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी संयमाची थोरवी सांगितली, पण सुखाविषयीची बधिरता हाही त्यांनी दोषच मानला. उत्तम कारागिरीचा आनंद घेणे हे पाप नव्हे. चांगला सुतार फळीवरून हात फिरवतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते परमेश्वराला अप्रिय असेल असे मला वाटत नाही. पण याच संतांनी मालमत्तेच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. वस्तू मिळवण्याचा व सांभाळण्याचा अधिकार एकट्याचा असू शकतो, परंतु तिचा उपयोग करताना ती जणू सर्वांची आहे अशी वृत्ती हवी. दारात उभ्या असलेल्या गाडीला हे कसे लागू करावे ते मला त्या संध्याकाळी उमगले नाही. ते उमगले पुढच्या शनिवारी, हमरस्त्यावर, आणि त्यासाठी मला थोडी लाज सोसावी लागली.

आम्ही दोघे पासाउ शहराचे कॅथेड्रल पाहायला निघालो होतो. वाटेत डिंगोल्फिंग लागते. भाचा म्हणाला, "हे हिचं माहेर." त्याच्या अलीकडेच वेगमर्यादेचा फलक मागे पडला होता. जर्मनीच्या या महामार्गांवर बऱ्याच भागांत मोटारींना वेगाचे बंधन नाही. ताशी एकशे तीस किलोमीटर हा केवळ शिफारस केलेला वेग आहे, १९७८ पासून. त्याहून जोरात जाणारा गुन्हेगार ठरत नाही. रस्ता मोकळा होता. "दाखवू का?" त्याने विचारले. मी मान डोलावली. काटा एकशे ऐंशीवर गेला तरी गाडीत हादरा नाही की कर्कश आवाज नाही. आणि तेव्हा, वाचकहो, साठी उलटलेला, दर रविवारी मिस्साला जाणारा मी म्हणालो, "आणखी थोडं."

दोनशे वीस झाले असतील. दूरवर उजव्या बाजूला एक ट्रक होता. त्याच्यामागून एक लहानशी मोटार, रीतसर इशारा देऊन, डाव्या मार्गिकेत आली. तिच्या चालकाचे काहीच चुकले नव्हते. आरशात आम्ही त्याला दूरचा एक ठिपका दिसलो असू. तो ठिपका किती वेगाने मोठा होत आहे याचा अंदाज कोणाला येणार? भाच्याने ब्रेक दाबला. पट्टा माझ्या छातीत रुतला. समोरची गाडी एकदम जवळ आली, अगदी काचेतून तिच्यातली फुलांची जुडी दिसावी इतकी, आणि मग आमचा वेग तिच्या वेगाएवढा झाला. भाच्याने ना भोंगा वाजवला, ना दिवे चमकवले. ती मोटार ट्रकला ओलांडून उजवीकडे सरकली. आम्ही शेजारून गेलो तेव्हा आत एक वृद्ध जोडपे दिसले. आजीबाईंनी आमच्याकडे पाहून हात वर केला. क्षमा मागावी तसा.

अपघात झाला नाही. कोणाला ओरखडाही उठला नाही. पण तो वर केलेला हात मी आजवर विसरलो नाही. चूक आमची, आणि क्षमा त्यांनी मागितली. बळाचे हेच वैशिष्ट्य आहे. ते नुसते जवळ आले तरी दुर्बलाला वाटते की आपणच वाटेत आलो.

पुढे बराच वेळ आम्ही बोललो नाही. नंतर भाच्याने मला तेथील वाहनशाळेत शिकवतात तो हिशेब सांगितला. वेगाच्या आकड्याला दहाने भागावे. त्याची तिप्पट केली की मन सावध होईपर्यंत गाडी किती मीटर जाते ते कळते, आणि त्याचा वर्ग केला की ब्रेक लावल्यावर ती किती मीटरवर थांबते ते. एकशे तीसच्या वेगाला दोन्ही मिळून दोनशे आठ मीटर होतात. दोनशे वीसला साडेपाचशे. वेग दुपटीनेही वाढत नाही, पण थांबायला लागणारे अंतर अडीचपटीहून अधिक होते. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. १९९२ साली तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असा निर्णय दिला, की एकशे तीसहून अधिक वेगाने जाणाऱ्याचे अपघातात काही चुकलेले नसले, तरी अपघात अटळ होता असे त्याला सहसा म्हणता येणार नाही आणि नुकसानीचा काही भार त्याने सोसावा. कारण आदर्श चालक त्या मर्यादेपलीकडे जात नाही. कायदा परवानगी देतो, आणि तोच कायदा म्हणतो की आदर्श माणूस ही परवानगी वापरणार नाही! मुभा असलेली प्रत्येक गोष्ट हितकारक नसते, हे संत पौलाने करिंथच्या श्रद्धावंतांना बजावले होते. न्यायाधीशांच्या रूक्ष भाषेत मला त्याचाच प्रतिध्वनी ऐकू आला.

पासाउच्या कॅथेड्रलमध्ये आम्ही दुपारच्या ऑर्गनवादनाला बसलो. त्या ऑर्गनला त्या वेळी सतरा हजारांहून अधिक नळ्या होत्या. मंदिराच्या निरनिराळ्या भागांत बसवलेले पाच ऑर्गन एकाच वादकाच्या हाताखाली एकत्र आणलेले. एवढे सगळे एकदम सुटले तर भिंती थरथरतील असे वाटत होते, आणि शेवटी तसे झालेही. पण माझ्या लक्षात राहिला तो मधला भाग. वादकाने एकच बारीक, बासरीसारखा स्वर लावला होता. हजारो नळ्या गप्प होत्या. त्यांच्या त्या गप्प राहण्यामुळेच त्या एका स्वराला खोली आली होती. न वापरलेले बळ वाया जाते, असे मी समजत होतो. येथे ते वाया जात नव्हते. ते वादकाच्या हाती होते आणि सुरावटीची गरज काय आहे, हे तो ओळखत होता.

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे होते. जमिनीत पैसा पुरून ठेवणाऱ्या दासाला धन्याने दोष दिला हे खरे. पण धन्याच्या कामी न येता केवळ उधळलेल्या पैशाची त्याने स्तुती केली असती असे कोणी म्हणेल काय? अरण्यात दगडांच्या भाकरी करण्याचे सामर्थ्य प्रभूच्या ठायी नव्हते म्हणून दगड दगडच राहिले, असे आपण मानत नाही. बळ कशाच्या सेवेसाठी आहे, यावरून ते केव्हा वापरावे हे ठरते. भाच्याने त्या क्षणी ब्रेक दाबला आणि ती जड गाडी वेळेत आवरली, हेही तिच्या बळाचेच रूप. "आणखी थोडं" म्हणणारी माझी जीभ मात्र कशाचीच सेवा करीत नव्हती.

परमधर्मपीठाच्या स्थलांतरित व प्रवासी जनांसाठी असलेल्या परिषदेने जून २००७ मध्ये रस्त्यावरील वर्तनाविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. ऐकून प्रथम हसू येते. पण त्यांतली पाचवी आज्ञा सांगते की मोटार ही सत्ता आणि वर्चस्व दाखवण्याचे साधन होऊ नये, पापाचे निमित्त होऊ नये. आता ती वाचताना मला तो वर केलेला हात दिसतो. वर्चस्व दाखवायला शिवी द्यावी लागत नाही, मूठ उगारावी लागत नाही. चाकाला हात न लावणारा, शेजारी बसलेला मामाही त्यात वाटेकरी होऊ शकतो.

परतताना आम्ही आतल्या रस्त्याने आलो. बव्हेरियाच्या खेड्यापाड्यांत वाटेच्या कडेला क्रूस आणि लहान स्मृतिस्तंभ दिसतात, आपल्या वसईत तिठ्यातिठ्यावर दिसतात तसेच. आपल्याकडील क्रूस बहुधा गावाच्या श्रद्धेची खूण असतो. तेथले काही क्रूस मात्र त्या जागी मरण पावलेल्या माणसाचे असतात. एका वळणावर असाच एक लाकडी क्रूस होता, पायाशी ताजी फुले. भाच्याने गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. आम्ही खाली उतरलो आणि एक 'नमो मरिया' म्हटली. त्या फुलांकडे पाहताना मला काचेतून दिसलेली जुडी आठवली. ते जोडपे कोठे चालले होते, कोणासाठी ती फुले नेत होते, कोण जाणे.

गाडी विकून टाक, असे मी त्याला सांगितले नाही. तसे सांगण्याचा अधिकार मी त्या सकाळी गमावला होता. त्यानेही कसली शपथ घेतली नाही. पण पुढच्या वर्षी फोनवर बोलताना तो सहज म्हणाला, "मामा, हल्ली कचेरीला ट्रेननं जातो. गाडी शनिवार-रविवारी काढतो, आणि शेजारच्या आजोबांना डायलिसिसला नेतो. त्यांना ती फार आवडते, हादरे बसत नाहीत म्हणतात."

वस्तू एकट्याची, उपयोग जणू सर्वांचा. संत थॉमस यांचे ते म्हणणे मला तेव्हा कोठे नीट समजले.

माझ्याकडे चारशे अश्वांची गाडी नाही, पुढेही येणार नाही. पण घरात मोठा म्हणून माझा शब्द चालतो, सभेत माझा आवाज वरचढ ठरतो, रागाच्या भरात कोणाला काय लागेल हे मला नेमके ठाऊक असते. हेही बळच. अशा वेळी मी त्या नारिंगी दिव्यांची आठवण काढतो आणि ते विझेपर्यंत थांबतो. कधी जमते, कधी जमत नाही.