जत्रेतला सौदा



फाल्गुन लागला की आपल्या पाथर्डी तालुक्याला मढीचे वेध लागतात. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांच्या गडावर माणसांची रीघ असते. रंगपंचमीचा दिवस सर्वांत मोठा. गोपाळ, वैदू, कैकाडी अशा कितीतरी भटक्या समाजांची ही पंढरी. वर्षभर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारी माणसे येथे भेटत, सोयरिकी ठरवत, पंचायत बसवून तंटे तोडत. (त्या पंचायतींनी गरिबांवर, विशेषतः बायांवर, जे अन्याय केले त्यांना २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने लगाम घातला, हे बरेच झाले.) आणि येथेच भरतो गाढवांचा प्रसिद्ध बाजार. काठेवाडी जनावर आले की त्याच्याभोवती कोंडाळे ठरलेले.

आपला उपवासकाळ बहुधा याच दिवसांत येतो. तेव्हा एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, तोही हसत हसत: “फादर, जत्रेत थोडेफार खोटे बोलावेच लागते. ते पाप धरायचे का?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आठवडे बाजारात खोटे फार दिवस चालत नाही. आज नासके वांगे गळ्यात मारले तर पुढच्या आठवड्यात तेच गिऱ्हाईक चारचौघांत उभे करते. तेथे माणसाला त्याची पत सांभाळते. जत्रेचे तसे नाही. विकणारा एका मुलखाचा, घेणारा दुसऱ्या. विसार दिला, जनावर हाकले, की दोघांची पुन्हा गाठ नाही. प्लेटोने एका अंगठीची गोष्ट सांगितली आहे. ती बोटात फिरवली की माणूस अदृश्य होई. अशी अंगठी मिळाल्यावरही जो नीट वागेल तोच खरा न्यायी, असा त्यातला पेच आहे. जत्रेची गर्दी ही तशीच अंगठी आहे, आणि ती फुकट मिळते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात नेमका हाच विषय घेतला, तोही जनावराचेच उदाहरण देऊन. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते समोर दिसते आहे; विकणाऱ्याने तोंडाने सांगितले नाही तरी चालेल, मात्र किंमत त्या मानाने उतरवली पाहिजे. पण लंगडणारा घोडा चपळ म्हणून विकला, दडलेली खोड दडवलीच, तर तो अन्याय आहे आणि घेणाऱ्याची भरपाई करणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. संत थॉमस भाबडे नव्हते. उपाशी शहरात धान्य घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्याला मागून आणखी धान्य येते आहे हे ठाऊक असेल, तर ते सांगण्याची सक्ती त्यांनी त्याच्यावर केली नाही; सांगितले तर अधिक चांगले, एवढेच म्हटले. हेच उदाहरण पूर्वी रोमन विचारवंत सिसेरोने घेतले होते आणि त्याचे मत जास्त कडक होते: लपवू नये. आम्हाला येथे सिसेरो बरोबर वाटतो, पण ते असो.

गाढवाचे वय दातांवरून कळते, पाय उचलून खूर पाहता येतो. पण ओझे घातल्यावर ते मध्येच बसते, हे बाजारात दिसत नाही. ते मालकालाच ठाऊक असते. कोणी म्हणेल, विकणारा गरीब आहे, त्याच्या घरी चूल पेटायची आहे. खरे आहे. पण घेणारा कोण असतो? वीटभट्टीवर माती वाहणारा, नाही तर वाळू-खडी वाहून पोट भरणारा. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ मध्ये ती १ लाख २० हजारांवर आली. ज्याचा धंदा अजून गाढवावर चालतो तो माणूस आज आणखी एकटा पडला आहे, आणि सावकाराकडून उचल घेऊन तो जनावर घेतो. त्याला फसवले तर एका गरिबाचे नुकसान दुसऱ्या गरिबाच्या पदरात पडते. उपवास त्याच्या पोरांना घडतो.

घेणारेही धुतल्या तांदळासारखे नसतात. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात असे गिऱ्हाईक आहे, जे घेताना वस्तूला नावे ठेवते आणि घरी जाऊन स्वस्तात मिळाल्याची फुशारकी मारते. अडलेल्याचे जनावर मातीमोल भावाने नेणाऱ्याला हे लागू पडते.

“बाजार तो बाजार, सण तो सण” असेही आम्ही ऐकतो. पण भाषेलाही हे वेगळेपण मान्य नाही. आपला ‘जत्रा’ हा शब्द ‘यात्रा’ या शब्दातूनच आला. जर्मन भाषेत मिस्सा आणि व्यापारी जत्रा या दोहोंना ‘मेसे’ हा एकच शब्द आहे. देवाच्या नावाने माणसे जमली म्हणून बाजार भरला. देव नसता तर गिऱ्हाईकही नसते. आमोस संदेष्ट्याच्या काळचे व्यापारी शब्बाथ पाळत होते, दुकान बंद ठेवत होते, पण सण कधी संपतो आणि कधी एकदा माप लहान करून धान्य विकतो याची वाट पाहत होते. संदेष्टा चिडला तो यावर. झावळ्यांच्या रविवारी प्रभू ज्या शिंगरावर बसला तेही परक्याचे होते, आणि मार्ककृत शुभवर्तमानानुसार, नेतानाच ते लगेच परत पाठवण्याचा शब्द त्याने दिला.

हे सारे फक्त मढीला लागू नाही. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरते. सप्टेंबरात, पवित्र मरियेच्या जन्मसणाच्या सुमारास, दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक येतात. तेथे फुले, मेणबत्त्या विकणारे आणि घेणारे पुष्कळदा आपलेच असतात. नवस फेडायला आलेल्या बाईला मेणबत्तीचा भाव ठाऊक नसतो आणि मतमाउलीच्या दारात घासाघीस करायला तिला लाज वाटते. तिच्या त्या लाजेवर जास्तीचे पैसे काढले जातात. आपल्या धर्मग्रामातून जी कुटुंबे यंदा दुकान लावतील त्यांनी भाव पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टांगावा. सुट्टे पैसे हवे असतील तर निघण्यापूर्वी ऑफिसातून घेऊन जावेत.