पडद्याकडे तोंड, लोकांकडे पाठ

चौघंही पुढे या. आणि मागच्या रांगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या, ही तक्रार माझ्याकडे आणायची नाही. पडद्याकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून तुम्ही वाचत सुटला होतात. स्लाइडवरचंच वाचायचं तर तुमची गरज काय? लोकांना वाचता येतं.

विषय तरी कोणता घेतलात! सोपाऱ्याचा स्तूप. नालासोपारा स्टेशनहून रिक्षा करून जाता येतं. तुमच्यातलं कोण जाऊन आलं? कोणीच नाही. ते तुमच्या आवाजात कळत होतं.

‘उद्दिष्टे’, ‘प्रस्तावना’, ‘भौगोलिक स्थान’. तिथेच लोक हातचे गेले. अरे, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाचा कोट म्हणतात ते टेकाड खणलं. आत दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक, भोवती आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा करंडक. चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या आत? इथे थांबायचं. अख्खं सभागृह तुमच्या तोंडाकडे बघत असतं तेव्हा गप्प उभं राहण्याची हिंमत हवी. मग सांगायचं: मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. सोनं ज्यांच्यासाठी घडवलं ते हे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले.

तुम्ही काय केलंत? शेवटून दुसऱ्या स्लाइडवर, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘अवशेष: करंडक, मूर्ती, नाणी’. झालं! ज्यांनी तो स्तूप रचला त्यांना एकातून एक उघडत नेणं कळलं होतं. तुम्ही सगळी झाकणं एकदम काढलीत आणि वर विचारता, लोक ऐकत का नाहीत.

समोर कोण बसलं होतं, पाहिलंत? निर्मळहून, वाघोलीहून आलेले पालक. कोणी वाडीतलं काम टाकून आलं होतं, कोणी रात्रपाळी करून विरार लोकलने थेट इथे. त्या माणसांचा तास तुम्ही फुकट घालवलात. मला राग मार्कांचा नाही, याचा आहे.

रविवारी सोपाऱ्याला जा. विटांवरून हात फिरवा, तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. सोमवारी पहिल्या तासाला प्रोजेक्टर बंद असेल, हातात कागद नसेल. पाचवीचा वर्ग समोर बसवणार आहे. ती मुलं कंटाळली की तोंडावर जांभई देतात.